जुने पिस्तूल दुरुस्त करायचे आहे? आधी कागद, मग कारागीर

घरात वडिलांचे किंवा आजोबांचे पिस्तूल असते. स्प्रिंग मऊ पडलेली, फायरिंग पिन (काडतुसावर आपटणारी सुई) झिजलेली, ग्रिपला तडा गेलेला. सुटे भाग मिळवून ते पुन्हा चालू करावे, ही इच्छा अगदी रास्त आहे. पण शस्त्र अधिनियम १९५९ मध्ये ‘शस्त्र’ या व्याख्येतच शस्त्राचे सुटे भागही येतात, आणि कलम ५ नुसार बंदुकीची दुरुस्ती करण्याचा धंदा परवान्याशिवाय करता येत नाही. २०१९ च्या दुरुस्तीनंतर कलम ५ मोडल्यास किमान सात वर्षे, कमाल जन्मठेप अशी शिक्षा आहे. म्हणून ओळखीच्या लेथवाल्याकडून पिन घासून घेण्याचा विचारसुद्धा मनात आणू नका. पुसणे, तेल देणे वेगळे आणि भाग बदलून बसवणे वेगळे.

पहिला प्रश्न एकच: या पिस्तुलाचा परवाना आज कोणाच्या नावावर आहे? तुमच्या नावावर चालू परवाना असेल आणि त्यावरचा शस्त्र क्रमांक, बोअर (नळीचे माप) आणि बनवणाऱ्या कंपनीचे नाव हत्याराशी जुळत असेल, तर निम्मे काम झाले. परवानाधारक वारले असतील, तर पिस्तूल कपाटात ठेवून ‘बघू नंतर’ म्हणणे सर्वांत घातक. ते विनाविलंब जवळच्या पोलीस ठाण्यात किंवा परवानाधारक शस्त्रविक्रेत्याकडे जमा करा, पावती घ्या आणि मग वारस म्हणून अर्ज करा.

वारसासाठी शस्त्र नियम २०१६ मध्ये स्वतंत्र तरतूद आहे. परवानाधारकाच्या मृत्यूनंतर वारसाला परवाना मिळू शकतो. मालक हयात असतानाही, त्यांनी वयाची ७० वर्षे पूर्ण केली असतील किंवा शस्त्र २५ वर्षे त्यांच्याकडे असेल, तर ते वारसाचे नाव सुचवू शकतात. ही दुसरी वाट फार कमी लोकांना माहीत असते आणि माझ्या मते तीच जास्त सोयीची, कारण मालक स्वतः सही करायला हजर असतात. अर्जदाराचे वय किमान २१ हवे. एका व्यक्तीकडे आता जास्तीत जास्त दोन बंदुका असू शकतात आणि वारसाहक्काने आलेले पिस्तूलही याच दोनात मोजले जाते. ‘आजोबांची आठवण’ म्हणून तिसरे ठेवता येत नाही.

अर्ज ए-१ नमुन्यात. ग्रामीण जिल्ह्यात तो जिल्हादंडाधिकाऱ्यांकडे, आयुक्तालयाच्या हद्दीत पोलीस आयुक्तांकडे जातो. सोबत पांढऱ्या पार्श्वभूमीचे चार फोटो, जन्मतारखेचा, ओळखीचा आणि रहिवासाचा पुरावा, शारीरिक व मानसिक तंदुरुस्तीचे वैद्यकीय प्रमाणपत्र, शस्त्र सुरक्षित ठेवण्याची हमी. वारसाच्या प्रकरणात मृत्यूचा दाखला, मूळ परवाना, इतर वारसांची ना-हरकत आणि शस्त्र जमा केल्याची पावती जोडा. भावंडांची ना-हरकत आधीच घेऊन ठेवा. फाइल अडकते ती बहुधा इथेच. त्यानंतर पोलीस अहवाल मागवला जातो. नकार आला तर लेखी कारणे मागा, कलम १८ खाली अपील करता येते. मिळालेला परवाना आता पाच वर्षांचा असतो.

बोअर मात्र नीट तपासा. .३२ चे पिस्तूल जिल्हा पातळीवर मार्गी लागते, पण ९ मिमीसारखे प्रतिबंधित बोअर (सामान्य नागरिकांना सहसा न मिळणारे माप) असेल तर प्रकरण केंद्रीय गृह मंत्रालयाकडे जाते.

परवाना हातात आल्यावरच कारागीर गाठा. ज्याच्या परवान्यात विक्रीबरोबर ‘दुरुस्ती’ स्पष्ट लिहिलेली आहे असेच गन हाउस निवडा. बोर्ड पाहून समाधान मानू नका, परवाना दाखवायला सांगा. पिस्तूल रिकामे करून, मॅगझिन वेगळे काढून, परवाना सोबत ठेवून न्या. काडतुसे घरीच राहू द्या. गन हाउस दुसऱ्या जिल्ह्यात किंवा राज्यात असेल, तर तुमचा परवाना तिथपर्यंत वैध आहे का हे आधी बघा. निवडणुकीच्या काळात शस्त्रे जमा करण्याचे आदेश निघतात, तेव्हा हे काम पुढे ढकललेलेच बरे.

आता क्रमांकाकडे या. फ्रेमवर (मुख्य सांगाड्यावर), स्लाइडवर (वरच्या सरकत्या भागावर), कधी नळीवर कोरलेले आकडे जुन्या हत्यारात आधीच उथळ झालेले असतात. गंज काढायला पॉलिश मारले, वर नवे ब्लूइंग (गंज रोखणारा निळसर-काळा थर) चढवले, की शेवटचा आकडा सहज पुसला जातो. कलम ८ प्रमाणे ज्याच्या ताब्यात खूण नसलेली बंदूक सापडते त्यानेच ती पुसली असे गृहीत धरले जाते. तसे नाही हे सिद्ध करायची जबाबदारी त्याच्यावर. म्हणून काम देण्याआधी प्रत्येक खुणेचा जवळून फोटो काढा आणि ‘क्रमांकाच्या जागेला हात लावायचा नाही’ असे पावतीवर लिहून घ्या.

स्प्रिंग, पिन, ग्रिप बदलल्याने परवान्यातली नोंद बदलत नाही. नळी, स्लाइड किंवा फ्रेम बदलायची वेळ आली तर थांबा आणि परवाना शाखेला लेखी विचारा. नव्या नळीची दाबचाचणी (ती स्फोटाचा दाब सहन करते का याची तपासणी) झालेली असणेही गरजेचे. नळी आखूड करणे किंवा एका वर्गातले शस्त्र दुसऱ्या वर्गात नेणे याला कलम ६ आडवे येते. परदेशी पिस्तुलाचे भाग ऑनलाइन मागवू नका, आयातीला कलम १० खाली वेगळा परवाना लागतो.

‘ते बंदच आहे, परवाना कशाला?’ हा युक्तिवाद वारंवार ऐकू येतो. कलम ४५ मधली सूट खरी आहे, पण ती दुरुस्ती करूनही चालू होऊ शकणार नाही अशाच जुनाट किंवा मोडक्या शस्त्राला आहे. तुम्ही भाग शोधत आहात याचा अर्थ ते चालू होऊ शकते, आणि मग ही सूट लागू होत नाही.

परत घेताना क्रमांक फोटोशी ताडून पाहा. कोणते भाग बदलले हे लिहिलेले बिल घ्या, काढलेल्या जुन्या भागांचे काय केले याची नोंदही त्यावर मागा. हे बिल परवान्याच्या पुस्तिकेतच ठेवा. नूतनीकरणाच्या वेळी शस्त्र तपासणीला न्याल तेव्हा ते लागू शकते.