टाच सकाळीच का ठणकते?

अंथरुणातून उठून शहाबादी फरशीवर पहिलं पाऊल टेकलं की टाचेत खिळा रुतल्यासारखी कळ येते. चहा होईपर्यंत ती निम्मी ओसरते. मग दिवसभर बेळगावच्या शहापूर-वडगावात विणकामाच्या मागापाशी उभं राहिलं, की संध्याकाळी पुन्हा हजर. एक्स-रेत हाड वाढलेलं दिसतं आणि सगळं खापर त्याच्यावर फुटतं. पण असं टोक दुखणं नसलेल्या कितीतरी टाचांतही असतं.

दुखतो तो तळव्यातला जाड पट्टा, प्लांटर फॅशिया. टाचेच्या हाडापासून बोटांच्या मुळापर्यंत तो धनुष्याच्या दोरीसारखा ताणलेला असतो. रात्री पाऊल खाली झुकलेलं राहतं, पट्टा आखडतो आणि सकाळी अंगाचा भार पडताच हाडापाशी ओढ बसते. पायाचा अंगठा वर खेचून टाचेच्या आतल्या, पुढच्या कडेवर दाबून बघा. नेमकं तिथेच दुखलं तर बहुधा हेच.

म्हणून ताण द्यायचा तो उठण्याआधी. अंथरुणातच दुखरा पाय दुसऱ्या गुडघ्यावर घ्या, बोटं नडगीकडे ओढून 10 सेकंद धरा. असं 10 वेळा, दिवसातून तीनदा. खरी चूक इथेच होते: आधी मोरीपर्यंत चालून यायचं, मग व्यायाम. कळ सोसण्याजोगी झाली की पायरीवर बोटांखाली गुंडाळलेला टॉवेल ठेवून टाचा वर-खाली करा: 3 सेकंदांत वर, 2 थांबा, 3 सेकंदांत खाली. 12 वेळा, एक दिवसाआड. घरातही मऊ चप्पल घाला. फरक पडायला काही महिने लागतात, आठवड्यात कंटाळू नका.

अंगठ्याच्या मुळाशी रात्रीत लाल, गरम सूज आली आणि चादरही सोसवेना, तर मात्र युरिक अ‍ॅसिडची शंका घ्या. टाच दुखली की सरसकट त्याचीच तपासणी करण्यात अर्थ नाही.

खानापूरच्या ओल्या बांधावर पाय आत वळला की घोट्याच्या बाहेरच्या बाजूचं, हाडं जोडणारं बंधन (लिगामेंट) ताणतं किंवा फाटतं. लगेच चोळून 'बसवायला' जाऊ नका, सूज वाढते. चार पावलंही टाकता येत नसतील किंवा घोट्याच्या हाडाच्या मागच्या कडेवर, खालच्या 6 सेंटिमीटरमध्ये दाबल्यावर दुखत असेल, तर एक्स-रे हवाच.

राजहंसगड उतरताना गुडघ्याच्या पुढे दुखतं ते बहुतेकदा वाटीच्या मागचं. निपाणीत मांडी घालून तासन्‌तास विड्या वळणाऱ्यांचंही असंच, वाकलेल्या गुडघ्यावर वाटी दाबली जाते. अर्ध्या-पाऊण तासाने पाय लांब करा आणि मांडीचा पुढचा स्नायू बळकट करा: गुडघ्याखाली टॉवेलची गुंडाळी, ती 5 सेकंद खाली दाबायची, 10 वेळा. वयस्कर गुडघ्याची झीज असेल तर वजन कमी करण्याचा फायदा भरपूर: 1 किलो उतरलं की प्रत्येक पावलाला गुडघ्यावरचा भार सुमारे 4 किलोंनी हलका होतो.

साखरेचा आजार असून तळवे बधिर असतील, तर गरम शेक घेऊ नका. भाजलेलं कळत नाही.