मूत्रपिंडातला मेगाब्लॉक

गेल्या रविवारी आमच्या मुलुंडच्या सोसायटीत तपासणी शिबिर होतं. सहावीतला एक पोरगा गंमत म्हणून खुर्चीत बसला आणि बीपीचा वरचा आकडा आला १३६. डॉक्टरबाईंनी आधी पट्टा बदलला. जाड दंडाला आखूड पट्टा लावला की बीपी आहे त्यापेक्षा जास्त दिसतं. मोठा पट्टा लावून, पाच मिनिटं गप्प बसवून पुन्हा मोजलं, तर १२८. त्याच्या वयाला तेही जास्तच. तोवर भोवतालच्या मंडळींनी निकाल देऊन टाकला होता: वडापाव, मोबाइल, खेळायला जात नाही. बाईंनी मात्र विचारलं, "जन्माच्या वेळी वजन किती होतं?"

"दोन किलो," आजी म्हणाल्या. "एवढासा होता हो. आम्हीच भरवून भरवून बाळसं आणलं. वर्षात कसा गुटगुटीत झाला!"

बाईंनी दोन्ही गोष्टी लिहून घेतल्या. त्या का लिहिल्या, हे मला सांगायचंय, कारण त्यामागचं मूत्रपिंडाचं गणित मला भयंकर आवडतं.

मूत्रपिंडात रक्त गाळणारे नेफ्रॉन असतात, हे शाळेत शिकलेलं असतं. एका मूत्रपिंडात सरासरी दहा लाखांच्या आसपास. पण ही सरासरी फसवी आहे. कुणाकडे जेमतेम दोन लाख, तर कुणाकडे पंचवीस लाखांच्याही वर. आणि हा साठा आईच्या पोटातच ठरतो. साधारण ३६व्या आठवड्यापर्यंत नेफ्रॉन तयार होतात, त्यातले निम्म्याहून जास्त शेवटच्या तीन महिन्यांत. त्यानंतर नवा एकही बनत नाही. मृतांच्या मूत्रपिंडांतले नेफ्रॉन मोजून केलेल्या एका अभ्यासात जन्मवजनातल्या दर किलोमागे सुमारे अडीच लाखांचा फरक दिसला.

आता मुंबईच्या लोकलचा, दुरुस्तीसाठी घेतात तो रविवारचा मेगाब्लॉक आठवा. माणसं तेवढीच, गाड्या निम्म्या. प्रत्येक गाडी खच्चून भरते. नेफ्रॉन कमी असले तरी गाळायचं रक्त तेवढंच असतं. मग प्रत्येक नेफ्रॉनमधल्या केशवाहिन्यांच्या गुच्छात दाब वाढतो, गुच्छ फुगतात, वर्षानुवर्षं ताणले गेले की निबर होऊन बंद पडतात. उरलेल्यांवर आणखी भार. मीठ बाहेर टाकायची ताकद कमी पडते आणि ती भरून काढायला सगळ्या शरीराचं बीपी वर सरकतं. त्यात रेनिन-अँजिओटेन्सिन ही बीपी वाढवणारी संप्रेरकांची साखळी जागी झाली की रक्तवाहिन्या आवळतात, अल्डोस्टेरॉन हे संप्रेरक मिठातलं सोडियम धरून ठेवतं आणि चक्र घट्ट होतं. (इथे वाचक दमला असेल तर मेगाब्लॉक तेवढा लक्षात ठेवावा.) ही कल्पना अमेरिकेतले मूत्रपिंडतज्ज्ञ ब्रेनर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९८८ मध्ये मांडली. २००३ मध्ये जर्मनीत अपघातात गेलेल्या वीस जणांचे नेफ्रॉन मोजले गेले. बीपीचा त्रास असलेल्या दहा जणांत एका मूत्रपिंडामागचा मध्यांक (ओळीत मधोमध येणारा आकडा) सुमारे ७ लाख, बाकीच्या दहांत १४ लाख.

मग बाळसं? लहानखुरं बाळ पहिल्या एक-दोन वर्षांत झपाट्याने वाढतं तेव्हा वाढलेल्या देहाचा भार त्याच मोजक्या नेफ्रॉनवर पडतो. शिवाय आपली बाळं दिसतात तेवढी बारीक नसतात. पुण्याच्या केईएम रुग्णालयातल्या डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांच्या गटाने पुण्याजवळच्या खेड्यांतली नवजात बाळं इंग्लंडमधल्या साउदॅम्प्टनच्या बाळांशी ताडून पाहिली. आपली २.७ किलोची, तिकडची साडेतीन. पण कमतरता होती स्नायूंची आणि पोटातल्या अवयवांची; कातडीखालची चरबी त्या मानाने शाबूत. अशा बाळाला वरून नुसतं तूप-साखर भरलं की काय वाढणार?

आईचं गरोदरपणाआधीचं जास्त वजन, गरोदरपणातला मधुमेह आणि तंबाखू यांचाही मुलाचं बीपी वाढण्यात हात असतो. तंबाखू म्हणजे सिगारेटच नव्हे. मुंबईतल्या गरोदर बायकांवरचा २००४ सालचा अभ्यास आहे: मशेरीसारखा बिनधुराचा तंबाखू वापरणाऱ्यांच्या बाळांचं वजन सरासरी १०५ ग्रॅमने कमी भरलं. ग्रहणात सुनेने सुरी हातात धरली तर आरडाओरडा करणाऱ्या घरात मशेरीची डबी मात्र खिडकीत निवांत पडलेली असते. आणि हजारो रुपयांच्या गर्भसंस्कार शिबिरांत मंत्र शिकवतात, त्या मंत्राने एक नेफ्रॉन वाढल्याचं मी ऐकलेलं नाही.

मुंबईच्याच वस्त्यांमध्ये २००६ पासून एक प्रयोग झाला. बायकांना दिवस राहण्याआधीपासून पालेभाज्या, फळं आणि दूध घालून केलेला खाऊ रोज दिला. बाळांच्या वजनात सरसकट मोठा फरक पडला नाही. पण गरोदरपणातल्या मधुमेहाचं प्रमाण तुलनेच्या गटातल्या १२.४ टक्क्यांच्या जागी ७.३ टक्के निघालं. मला हा खाऊ कुठल्याही महागड्या पावडरच्या डब्यापेक्षा भारी वाटतो.

शिबिरात आजींचा चेहरा पडला होता. "म्हणजे आम्ही भरवलं ते चुकलं का हो?" बाईंनी एवढंच सांगितलं की एका दिवसाच्या आकड्यावर काही ठरत नाही, वेगवेगळ्या दिवशी अजून दोनदा मोजायला आणा, लोणचं-पापड-वेफर्स कमी करा, मुलाला खाली खेळायला सोडा.

पोराने विचारलं, "माझ्यात किती नेफ्रॉन आहेत, ते मोजा ना."

"जिवंत माणसाचे दवाखान्यात मोजता येत नाहीत रे," त्या म्हणाल्या. "म्हणून तर आजीला वजन विचारलं."