स्टेनलेस स्टीलच्या वाहनांवरील शोभेची चुंबके

रंग न दिलेल्या स्टेनलेस स्टीलच्या गाडीच्या बाहेरील पत्र्यावर चित्रे, अक्षरे, फिती किंवा फ्रिजवर असतात तशी छोटी चुंबके लावून केलेली सजावट. ही हौस मुख्यतः अमेरिकेतली असून टेस्ला कंपनीच्या सायबरट्रक या स्टेनलेस पत्र्याच्या, विजेवर चालणाऱ्या गाडीमुळे ती नजरेत भरू लागली. ही गाडी २०१९ च्या नोव्हेंबरमध्ये कॅलिफोर्नियात प्रथम दाखवण्यात आली आणि ३० नोव्हेंबर २०२३ पासून ग्राहकांच्या हाती पडू लागली. कारखान्यात तिला रंग देत नाहीत, त्यामुळे प्रत्येक गाडी त्याच करड्या रूपात बाहेर पडते. काही मालक तिच्यावर व्हिनाइलचे, म्हणजे रंगीत प्लॅस्टिकच्या पातळ पत्रकाचे, आवरण चढवून घेतात. ज्यांना तेवढा खर्च नको असतो, किंवा सणावारी आणि सामन्यांच्या दिवसांत सजावट बदलायची असते, ते चुंबके लावतात.

सगळेच स्टेनलेस स्टील चुंबकाला दाद देत नाही. महाराष्ट्रात भांडी घेताना गिऱ्हाईक लोहचुंबक लावून पाहते आणि ते चिकटले नाही तर स्टील चांगले समजते. या परीक्षेत तथ्य आहे, पण ती पुरेशी नाही. सुमारे १८ टक्के क्रोमियम आणि ८ टक्के निकेल असलेल्या ३०४ प्रकारच्या स्टीलमध्ये निकेलमुळे अणूंची रचना ऑस्टेनाइट या स्वरूपात टिकून राहते आणि ऑस्टेनाइटला चुंबक जवळजवळ धरत नाही. मात्र निकेल कमी व मँगनीज जास्त घातलेल्या स्वस्त २०० मालिकेतल्या स्टीललाही चुंबक चिकटत नाही. उलट निकेल नसलेल्या ४३० प्रकाराला ते पक्के चिकटते आणि तेही स्टेनलेसच असते.

डीलोरियन डीएमसी-१२ ही गाडी चुंबक न धरणाऱ्या ३०४ प्रकारात मोडते. उत्तर आयर्लंडमधील डनमरी येथे १९८१-८२ च्या सुमारास अशा साधारण ९,००० गाड्या तयार झाल्या. तिचे बाहेरील पत्रे ३०४ स्टीलचे आणि त्यांच्यामागचे अंग फायबरग्लासचे, म्हणून पत्र्यामागेही चुंबकाला धरण्यासारखे काही नाही. सायबरट्रकचे तसे नाही. तिच्या स्टीलला कंपनी ३०एक्स म्हणते आणि ते थंड अवस्थेत लाटून कठीण केलेले असते. ३०४ ज्यात येते त्या ३०० मालिकेतले कमी निकेलचे स्टील असे दाबून लाटले की ऑस्टेनाइटचा काही भाग मार्टेन्साइटमध्ये बदलतो. मार्टेन्साइट कठीणही असते आणि चुंबकीयही. ३०४ च्या भांड्याला तळाशी चुंबक लागत नाही, पण वळवलेल्या काठाशी थोडेसे ओढले जाते, त्याचे कारणही हेच. अशा स्टीलवरची पकड साध्या पोलादाच्या तुलनेत कमी पडते, तरी शोभेच्या चुंबकाला ती पुरते.

हेच लाटणे दुसऱ्या अंगानेही चुंबकांच्या पथ्यावर पडले आहे. इतका कठीण पत्रा साच्यात दाबून त्याला नेहमीच्या गाड्यांसारखे गोलाकार उठाव देता येत नाहीत, म्हणून सायबरट्रकची अंगे सपाट आहेत आणि कडा सरळ रेषेत दुमडलेल्या आहेत. चुंबकीय पत्रकाला नेमकी अशीच जागा लागते. ज्या गाडीच्या रूपाला अनेकांनी नावे ठेवली, तिच्यावर मोठे चित्र एकही सुरकुती न पडता बसते, ही तिची खरी जमेची बाजू होय.

गाडीसाठीची चुंबकीय पत्रके फेराइट या लोहयुक्त चुंबकीय पदार्थाची भुकटी लवचीक प्लॅस्टिकमध्ये मिसळून करतात. जाडी बहुधा पाऊण मिलिमीटरच्या आसपास असते. त्यांच्यात उत्तर व दक्षिण ध्रुवांचे अरुंद पट्टे आलटूनपालटून असतात. त्यामुळे पत्र्याला टेकलेले असताना ती चांगली धरतात, पण मध्ये धूळ किंवा हवेची फट आली की पकड झपाट्याने घटते. भरधाव गाडीत वारा प्रथम पुढची कड उचलतो आणि मग पूर्ण पत्रक उडते. म्हणून कोपरे गोल कापावेत आणि पत्रक दारांच्या फटीवर आडवे येऊ देऊ नये. निओडिमियमची चुंबके फार जोरदार, पण ठिसूळ असतात. त्यांचा वरचा मुलामा टवका उडून निघाला की आतला भाग गंजतो आणि त्याचा डाग गाडीवर पडतो. उघड्या स्टीलवर ती वापरायचीच तर रबराचे कवच असलेली घ्यावीत.

या सजावटीचा खरा धोका गंजाचा आहे. स्टेनलेस स्टीलला वाचवणारा क्रोमियम ऑक्साइडचा पापुद्रा हवेतल्या ऑक्सिजनवर टिकतो. चुंबकाखाली खारट ओल अडकली की तिथला ऑक्सिजन संपतो आणि मिठातले क्लोराइड त्या पापुद्र्याला खाऊ लागते. बर्फ वितळवण्यासाठी रस्त्यांवर मीठ टाकणाऱ्या उत्तर अमेरिकेत आणि समुद्रकाठी ही भीती अधिक. २०२४ च्या सुरुवातीला काही सायबरट्रकांवर नारिंगी ठिपके दिसल्याच्या तक्रारी आल्या. बाहेरून येऊन बसलेले लोखंडाचे कण गंजल्याने ते पडतात, असा खुलासा कंपनीच्या अभियंत्याने केला. चुंबक तर असे कण स्वतःहून ओढून घेते. शिवाय ते पत्र्यावर सरकवले की अडकलेली धूळ ओरखडे काढते, आणि घासून एका दिशेची रेघ आणलेल्या पृष्ठभागावर आडवा ओरखडा लगेच दिसतो. त्यामुळे चुंबक कडेने उचलून काढावे, ठरावीक दिवसांनी दोन्ही बाजू धुऊन कोरड्या कराव्यात आणि पाऊस किंवा बर्फात सजावट उतरवून ठेवावी. कॅमेरे, दिवे व नंबर प्लेट झाकली जाणार नाही हे पाहणे आवश्यक आहे.

गाडीवर चुंबक लावण्याची प्रथा मात्र या गाड्यांहून जुनी आहे. इराक युद्धाच्या काळात, २००३ नंतर, सैनिकांना पाठिंबा दर्शवणाऱ्या पिवळ्या फितीच्या आकाराची चुंबके अमेरिकेत घरोघरच्या गाड्यांवर दिसू लागली. जपानमध्ये नवशिक्या चालकाला परवाना मिळाल्यापासून वर्षभर हिरवी-पिवळी खूण गाडीच्या पुढे व मागे लावावी लागते. ही खूण बहुधा चुंबकीय असते. ॲल्युमिनियमच्या पत्र्यावर ती टिकत नाही, म्हणून काचेला आतून चिकटणारी खूणही तिथे मिळते.