तारण: एक शब्द आणि 1970 ची तडजोड

नागपुरात बँकेच्या पाटीवर 'सोने तारण कर्ज' असतं आणि सदरमधल्या चर्चात रविवारी 'तारण' गायलं जातं. बँकेतलं तारण म्हणजे गहाण. चर्चमधलं 'तारणे'वरून आलेलं, बुडत्याला काठाला लावणारं. 'मोक्ष' म्हटलं की जन्ममरणाचा फेरा आलाच आणि तो ख्रिस्ती शिकवणीत नाही, म्हणून मराठी बायबलात तारण रुजलं. 'खंडणी'चं मात्र हसं होतं. मार्कच्या दहाव्या अध्यायात ख्रिस्त पुष्कळांसाठी आपला जीव खंडणी म्हणून, म्हणजे सुटकेची किंमत म्हणून देतो. हाच शब्द आज पेपरात गुन्ह्यांच्या पानावर भेटतो, मग संडे स्कूलमधली पोरं फिस्सकन हसणारच.

मराठी नवा करार 1811 मध्ये बंगालमधल्या श्रीरामपुरात छापला गेला आणि स्कॉटिश मिशनरी 1845 मध्ये नागपुरात आले. पण खरा गुंता 1970 चा. त्या वर्षी 29 नोव्हेंबरला इथल्या कॅथेड्रलच्या आवारात सहा मंडळ्या, म्हणजे वेगवेगळ्या पंथांची चर्चं, 'चर्च ऑफ नॉर्थ इंडिया' म्हणून एक झाल्या. बोलणी 1929 पासून चालली होती. अडलं होतं ते बाप्तिस्म्यावर. तान्ह्या बाळाच्या डोक्यावर पाणी घालायचं, की जाणत्या वयात स्वतः विश्वास कबूल करणाऱ्यालाच पाण्यात बुडवायचं? हा नुसता विधीचा वाद नव्हता. 'कृपेनेच, विश्वासाच्या द्वारे' तारण होतं हे सगळ्यांनाच मान्य. पण ज्याला विश्वास म्हणजे काय हेच कळत नाही, त्या बाळाचं काय? शेवटी दोन्ही पद्धती एकाच मंडळीत चालतील असं ठरलं. मला हे शहाणपणाचं वाटतं. काहींना ते गुळमुळीत वाटलं. मेथडिस्ट या प्रोटेस्टंट पंथाच्या एका मोठ्या गटाने तर ऐनवेळी अंग काढून घेतलं.

कॅथलिक आणि लुथरन यांनी माणूस देवापुढे नीतिमान कसा ठरतो याबद्दल संयुक्त जाहीरनामा केला तो 1999 मध्ये, जर्मनीत. घराघरांत मात्र प्रश्न साधाच राहिला: तारण कृपेने फुकट मिळालं, तर उपवास आणि दशांश (कमाईचा दहावा भाग चर्चला देणं) कशाला? उपकारस्तुती म्हणून, हप्ता म्हणून नव्हे, असं पाळक दरवर्षी बजावतात. दरवर्षी बजावावं लागतं, यातच काय ते आलं.

'तुझं तारण कधी झालं?' असं विचारलं, तर नातू युवक शिबिरातली एक रात्र सांगतो. आजी कपाटातून बाप्तिस्म्याचा दाखला काढते.