फेरीची वेळ इंजिनाची की रबराची?

2025 साली जर्मनीतल्या न्युर्बुर्गरिंगवर दोन अमेरिकी कंपन्यांची चांगलीच जुंपली. फोर्डच्या मस्टँग जीटीडीने नॉर्डश्लाइफ या डोंगरातून वळत जाणाऱ्या जुन्या ट्रॅकची फेरी 6 मिनिटं 52.072 सेकंदांत मारली होती. काही आठवड्यांनी शेव्हरोलेची कॉर्व्हेट झेडआर1 तिथे गेली आणि 6 मिनिटं 50.763 सेकंद घेऊन परतली. (कॉर्व्हेट ही मसल कार, म्हणजे साध्या गाडीत दांडगं इंजिन बसवलेली अमेरिकी गाडी, नव्हेच, असं कट्टर चाहते म्हणतील. कबूल. पण भांडण मात्र तेच जुनं, फोर्डची मस्टँग विरुद्ध शेव्हरोलेची कॅमेरो.) लगेच ‘कोण भारी’चा कल्ला सुरू झाला. मला त्या बातमीतले दुसरे दोन आकडे टोचले. मस्टँगचं इंजिन 815 हॉर्सपॉवरचं, कॉर्व्हेटचं 1064. जवळपास अडीचशे घोडे जास्त जुंपून हाती काय लागलं, तर 411 सेकंदांतले 1.3 सेकंद.

मसल कार जन्मली सरळ रस्त्यावर पाव मैल पळण्यासाठी. तिथलं गणित सोपं आहे. इंजिन सतत पूर्ण शक्ती देतंय असं धरलं, तर पाव मैलाला लागणारा वेळ वजन भागिले शक्ती याच्या घनमुळाच्या प्रमाणात असतो. घनमूळ म्हणजे मोठी कंजूष चीज: शक्ती 30 टक्के वाढवा, वेळ जेमतेम साडेआठ टक्के घटतो. तेही टायरने शक्ती रस्त्यावर उतरवली तर. डॉज चॅलेंजर हेलकॅटचं उदाहरण घ्या, 707 हॉर्सपॉवर. कंपनीने स्वतः दोन वेळा जाहीर केल्या होत्या: कारखान्यातून येणाऱ्या टायरवर 11.2 सेकंद, ड्रॅगसाठीच्या, म्हणजे सरळ रेषेतल्या शर्यतीच्या, चिकट टायरवर 10.8. गंमत शेवटच्या वेगात आहे. पहिल्यात ताशी 125 मैल, दुसऱ्यात 126. म्हणजे इंजिनाने दोन्ही वेळा जवळपास सारखंच काम केलं. फरक पडला तो सुरुवातीच्या काही मीटरांत, चाकं फिरत राहिली की रस्ता धरला यात. एखाद्याने नुसते सेकंद सांगितले तर मी शेवटचा वेग विचारतो. वेग इंजिनाची चहाडी करतो, सेकंद टायरची.

वळणांच्या ट्रॅकवर तर टायरच मालक. आणि इथे शाळेतलं घर्षण थोडं बाजूला ठेवावं लागतं. घर्षण दाबाच्या प्रमाणात असतं, क्षेत्रफळाशी त्याचा संबंध नाही, असं आपण घोकलेलं असतं. लाकडाच्या ठोकळ्याला ते चालतं, रबराला नाही. रबर म्हणजे लांबलचक रेणूंच्या साखळ्यांचा गुंता, गंधकाने जागोजागी टाके घातलेला. मळलेली कणीक किसणीवर दाबावी तसं ते डांबरातल्या खडीच्या खाचाखोचांत शिरतं. त्यानंतर दोन गोष्टी होतात. एक, रेणू दगडाला क्षणभर चिकटतात आणि सुटतात. दुसरी जास्त मजेची. रबर दाण्यावरून सरकताना समोरून दाबलं जातं, पण दाण्यापलीकडे गेल्यावर मूळ जागी यायला उशीर लावतं. दाण्याच्या समोरच्या अंगाला दाब जास्त, पाठीमागे कमी. या फरकाचा जो उलटा रेटा, तीच पकड. रबर जितकं आळशी, तितकी जास्त ऊर्जा उष्णता होऊन जाते आणि तितकं ते घट्ट धरतं. या उधळपट्टीच्या मापाला रबरवाले ‘टॅन डेल्टा’ म्हणतात.

पण आळस नेमका हवा. खडीचे उंचवटे मिलिमीटरभर अंतरावर आणि सरकण्याचा वेग सेकंदाला एक मीटर धरला, तर रबराला सेकंदाला हजार हिसके बसतात. साखळ्यांचा सावरण्याचा वेळ या हजाराव्या भागाशी जुळला, तर उधळपट्टी कमाल. तो वेळ तापमानाबरोबर झपाट्याने बदलतो. गार रबरात साखळ्या ताठरतात, काचेच्या दिशेने जातात. अति तापलेल्या रबरात त्या इतक्या चपळ होतात की आळस उरतच नाही, शिवाय पृष्ठभाग फाटायला लागतो. मधल्या अरुंद खिडकीत टायर सगळ्यात चांगला. म्हणून एका फेरीचा विक्रम आणि वीस मिनिटं तीच गती टिकवणं हे दोन वेगळे पराक्रम आहेत, आणि जाहिरातीत दिसतो तो पहिला.

आणखी एक खोड: रबरावरचा दाब दुप्पट केला तरी पकड दुप्पट होत नाही, थोडी कमीच पडते. म्हणून रुंद टायर, म्हणजे दर चौरस सेंटिमीटरवर भार कमी. म्हणूनच वजनदार गाडीला वळणात जास्त झळ बसते. बाहेरची चाकं दबून जातात आणि आतली नुसती सोबत करतात.

(पंपावर ‘नायट्रोजन भरा, मायलेज वाढेल’ म्हणणाऱ्यांना एवढंच: साध्या हवेत 78 टक्के नायट्रोजनच असतो. रेसवाले तो वापरतात, कारण त्यात बाष्प नसतं आणि टायर तापल्यावर दाब किती चढेल याचा अंदाज नेमका येतो. आणि नव्या गाडीच्या चाकाखाली चिरडलेल्या लिंबाने पकड वाढत नाही. रस ओला असेपर्यंत घसरण मात्र नक्की.)

आता पुन्हा त्या 1.3 सेकंदांकडे. वळणातल्या वेगाचा वर्ग पकडीच्या प्रमाणात असतो, म्हणून वेळ पकडीच्या वर्गमुळाने घटतो. सगळी फेरी वळणांचीच धरली तर पकड एक टक्का वाढली की वेळ अर्धा टक्का, म्हणजे दोन सेकंद कमी. एवढा फरक रस्ता सकाळचा की दुपारचा यानेही पडू शकतो. त्यात मस्टँग चालवली डर्क म्युलर या व्यावसायिक रेसरने, कॉर्व्हेट कंपनीच्या इंजिनिअरने. 1.3 सेकंदांवरून गाडीचा निकाल लावणं हे मला धाडसच वाटतं.

खरी बोलकी जोडी शेव्हरोलेच्याच घरातली. कॅमेरो झेडएल1 7:29.60 आणि तिचीच भावंड झेडएल1 वनएलई 7:16.04. इंजिन तेच, 650 हॉर्सपॉवर. पहिलीला दहा गिअरचं ऑटोमॅटिक, दुसरीला हाताने टाकायचे सहा गिअर, तरी दुसरी साडेतेरा सेकंद पुढे. पुढचे टायर 285 मिलिमीटरवरून 305, मागचे 305वरून 325, रबर जास्त चिकट, सस्पेन्शन रेसचं, आणि मागे पंख. ताशी 240 किलोमीटरला तो सुमारे 135 किलोचा दाब देतो. हवेचा हा दाब वजन न वाढवता पकड वाढवतो, म्हणून तो फुकटचा भार.

भरवशाचं म्हणाल तर आधी ट्रॅकची लांबी विचारा. पूर्वी बऱ्याच वेळा 20.6 किलोमीटरवर मोजल्या जायच्या. 2019पासून अधिकृत फेरी 20.832ची. पोर्शची जीटी2 आरएस एमआर 2021 मध्ये एकाच फेरीत छोट्या मापाने 6:38.835, पूर्ण मापाने 6:43.300. म्हणजे 232 मीटरचे साडेचार सेकंद, आपल्या भांडणातल्या 1.3 सेकंदांच्या तिपटीहून जास्त. मग टायर विकत मिळणारे होते का, आणि गाडी कोणाची, हे विचारा. 2008 मध्ये निस्सानने जीटी-आरची 7:29 जाहीर केली. पोर्शने अमेरिकेत तीच गाडी विकत घेऊन स्वतःचा चालक बसवला, तर 7:54 आले. विक्रमाची गाडी विकायच्या गाडीसारखी नव्हती, हा आरोप निस्सानने फेटाळला. ही खोड आजची नाही. 1967 च्या ट्रान्स-अ‍ॅम या अमेरिकी शर्यतींसाठी रॉजर पेन्स्के यांच्या संघाने आपले चालक मार्क डोनह्यू यांच्या कॅमेरोचा सांगाडा आम्लात बुडवून, वजन घटवायला, पत्रा पातळ केला होता. बाहेरून पाहणाऱ्याला ती साधी कॅमेरोच दिसायची.