‘श्यामची आई’ची डिस्क कधी येणार? कोकणातल्या संग्राहकांच्या प्रतीक्षेची पार्श्वभूमी

२०२३च्या नोव्हेंबरमध्ये पणजीच्या इफ्फीत, म्हणजे भारताच्या आंतरराष्ट्रीय चित्रपट महोत्सवात, ‘श्यामची आई’ पुनर्संचयित, म्हणजे जुनी फिल्म दुरुस्त करून काढलेल्या, प्रतीतून पडद्यावर आला. १९५३चा हा चित्रपट आचार्य अत्र्यांनी काढला, पण कोकण त्याला आपलाच मानतं. साने गुरुजींचं पालगड दापोली तालुक्यातलं आणि संगीतकार वसंत देसाई सावंतवाडी संस्थानातले. पहिल्याच राष्ट्रीय पुरस्कारांत राष्ट्रपतींचं सुवर्णपदक मिळवलेला हा चित्रपट स्वच्छ झाला, हे ऐकल्यावर जुन्या सिनेमाचा नाद असलेली मंडळी एकच प्रश्न विचारू लागली : याची डिस्क, म्हणजे घरी प्लेअरवर लावायची तबकडी, कधी येणार?

ज्यांना हा नाद नाही त्यांना यात काय एवढं, असं वाटेल. मोबाइलवर फुकट बघायला मिळतोच की! मिळतो खरा, पण कसा? चेहरे धुरकट, आवाज डबक्यातून आल्यासारखा आणि कोपऱ्यात कुठल्या तरी चॅनेलचा शिक्का. तो अमुक वर्षी चकचकीत होता आणि तमुक वर्षी खराब झाला, असं नसतं. मधल्या सत्तर-ऐंशी वर्षांत काय काय घडलं ते पाहिलं की संग्राहकांचा हट्ट समजतो.

सुरुवात मालवणपासूनच करावी लागते. रामचंद्र गोपाळ तथा दादासाहेब तोरणे मालवणजवळच्या सुकळवाडचे. त्यांचा ‘श्री पुंडलिक’ १८ मे १९१२ रोजी गिरगावच्या कॉरोनेशन थिएटरात लागला, म्हणजे फाळक्यांच्या ‘राजा हरिश्चंद्र’च्या जवळजवळ वर्षभर आधी. रंगमंचावरचं नाटक कॅमेऱ्याने टिपलेलं, कॅमेरामन इंग्रज, फिल्म धुवायला लंडनला गेलेली. म्हणून पहिल्या भारतीय चित्रपटाचा मान फाळक्यांकडे गेला. सिंधुदुर्गात हा विषय काढला की अजूनही चहा थंड होतो. पण वाद घालायला पुरावा म्हणून ‘श्री पुंडलिक’ समोर लावायचा म्हटलं तर तो नाहीच. ‘राजा हरिश्चंद्र’च्या चार रिळांपैकी पहिलं आणि शेवटचं तेवढं उरलं, आणि तीही फाळक्यांनी १९१७ साली पुन्हा केलेल्या आवृत्तीची असावीत असं काही अभ्यासक मानतात. भारतात तेराशेहून अधिक मूकपट निघाले. त्यांतले पूर्ण-अपूर्ण धरून हाती राहिले ते तीसेक.

बाकीचे गेले कुठे? याचं उत्तर फिल्मच्या पट्टीतच आहे. १९५०च्या आसपासपर्यंत फिल्म नायट्रेटची असे. दिसायला देखणी, काळा-पांढरा रंग तिच्यावर जसा उठे तसा पुढे उठला नाही, पण पेटायला निमित्त पुरे. एकदा पेटली की पाण्यानेही विझत नाही, कारण जळायला लागणारा प्राणवायू तिच्या पोटातच असतो. शिवाय कृष्णधवल चित्र म्हणजे पट्टीवरचे चांदीचे बारीक कण. चित्रपट चालून उतरला की त्याच्या जुन्या प्रतींना चांदीची किंमत येई आणि त्या चांदी काढण्यासाठी विकल्या जात. ‘आलम आरा’ची रिळंही अशीच चांदी काढून विकली गेल्याचं पी. के. नायर सांगत असत. पहिला भारतीय बोलपट, १९३१चा, आणि आज त्याची एक फ्रेम हलताना पाहायला मिळत नाही.

हे नायर म्हणजे पुण्याच्या राष्ट्रीय चित्रपट संग्रहालयाचे खरे उभारणीकार. संग्रहालय १९६४ साली स्थापन झालं. नायरांनी गावोगाव फिरून, गोदामं धुंडाळून रिळं जमवली. फाळक्यांच्या ‘कालिया मर्दन’चे तुकडे जुळवले. त्यांचा खाक्या असा की आधी जमवा, चांगलं-वाईट नंतर ठरवू. आमच्या मते संग्राहकाचा धर्म तोच. पण जमवलेलं सगळं टिकलं नाही. जानेवारी २००३मध्ये पुण्याच्या फिल्म इन्स्टिट्यूटच्या आवारातल्या, म्हणजे जुन्या प्रभात स्टुडिओच्या जागेवरच्या, कोठाराला आग लागली आणि संग्रहालयाच्या ताब्यातल्या नायट्रेट रिळांचा मोठा साठा जळून गेला. कोल्हापुरात १९२९ साली सुरू झालेली आणि १९३३ साली पुण्याला आलेली प्रभात फिल्म कंपनी, जिच्या ‘संत तुकाराम’चं १९३७ साली व्हेनिसच्या महोत्सवात कौतुक झालं, त्या काळाचा मूळ ऐवज त्या धुरात गेला.

नायट्रेटनंतर आलेली अॅसिटेट फिल्म सहजी पेटत नाही, म्हणून तिला सेफ्टी फिल्म म्हणत. तिचा रोग वेगळा. उष्णता आणि ओल लागली की तिच्यातून अॅसेटिक अॅसिड सुटू लागतं. डबा उघडला की व्हिनेगरचा भपकारा, पट्टी आक्रसलेली, कडा लाटांसारख्या वाकलेल्या. सुटलेलं आम्ल उरलेल्या पट्टीला आणखी लवकर खातं आणि शेजारच्या डब्यातल्या रिळालाही लागण होते.

ओल म्हटल्यावर कोकणी माणसाला वेगळं सांगायला नको. इथे सिनेमा आला तोच पाऊस सांभाळून. तंबूतले टुरिंग टॉकीज जत्रांच्या हंगामात फिरायचे आणि मृगाच्या आत तंबू गुंडाळायचे. तोवर ती प्रत देशभर फिरून जेरीला आलेली असायची. गाण्यातलं एखादं कडवं गायब, मारामारीत दोन उड्या कमी. फिल्म तुटली की ऑपरेटर कात्री लावून जोडणार आणि तुकडा खिशात टाकणार. कोकणातल्या दोन पिढ्यांनी प्रभातचे आणि राजकमलचे चित्रपट असेच, तुकडे गाळून पाहिले. त्यामुळे पूर्ण लांबीची प्रत म्हटलं की इथल्या संग्राहकाचे कान टवकारतात.

ऐंशीच्या दशकात व्हिडिओ आला. गणपतीला येणाऱ्या चाकरमान्यांमुळे वाडीवाडीत रंगीत टीव्ही आणि व्हीसीआर भाड्याने येऊ लागले. आरती-भजन आटोपलं की मांडवात रात्रभर तीन-तीन चित्रपट. त्या कॅसेट ज्यांनी जपून ठेवल्या त्यांना दोन-तीन पावसाळ्यांत धडा मिळाला. टेपवर पांढरी बुरशी धरते, आणि तशी एक टेप चालवली की तिचा भुगा व्हीसीआरच्या हेडला लागून पुढच्या चार कॅसेटचं चित्र बिघडतं. टेप पत्र्याच्या डब्यात, तांदळाच्या पुरचुंडीसकट, माळ्यावर न ठेवता चुलीच्या बाजूच्या खोलीत ठेवणं हे इथलं घरगुती संवर्धन.

मग व्हीसीडी, म्हणजे व्हिडिओची सीडी. चित्र अवघं ३५२ बाय २८८ ठिपक्यांचं, एका डिस्कवर सव्वा तासाच्या आसपास, म्हणजे मध्यंतर कुठे घ्यायचं ते दिग्दर्शक नाही, डिस्क ठरवणार. २००७च्या सुमारास मोझर बेअर या कंपनीने व्हीसीडी २८ रुपयांना आणि डीव्हीडी ३४ रुपयांना विकायला काढली आणि एसटी स्टँडच्या टपरीवर रुमाल-कंगव्याच्या शेजारी जुने मराठी चित्रपट लटकू लागले. चोरट्या प्रतींना ती चांगलीच चपराक होती, आणि ज्यांच्याकडे आज तीनशे-चारशे मराठी डिस्क आहेत त्यांच्यातल्या बहुतेकांची पुंजी त्या चार-पाच वर्षांतली. गोम एकच. त्या डिस्कवरचं चित्र कुठून आलं याला फारसं कोणी विचारलं नाही. हाताला लागली ती प्रत, अनेकदा दूरदर्शनसाठी केलेली जुनी टेपच, डिस्कवर उतरवली गेली. वर ‘डिजिटली रिमास्टर्ड’चा सोनेरी स्टिकर.

भजनी मंडळात पेटी वाजवणाऱ्यांना या डिस्कमधली एक गोष्ट पटकन कळते. सिनेमा सेकंदाला २४ फ्रेम धावतो आणि आपल्याकडची जुनी टीव्ही पद्धत, पाल, २५. टेप करताना बहुधा चित्रपट सरळ २५ने पळवत. त्यामुळे १२५ मिनिटांचा चित्रपट १२० मिनिटांत संपतो आणि गाणं चढतं. मूळ पांढरी एकमध्ये असलेलं गाणं पांढरी एक आणि काळी एकच्या मधे कुठेतरी लटकतं. पेटी धरून साथ करू म्हटलं तर कुठलीच पट्टी जुळत नाही. ब्लू-रेवर, म्हणजे डीव्हीडीनंतर आलेल्या जास्त स्पष्ट चित्राच्या डिस्कवर, चित्रपट २४ फ्रेमनेच धावू शकतो आणि सूर जागेवर येतो. वसंत देसाईंचं संगीत त्यांनी बांधलं त्या पट्टीत घरी ऐकायचं, एवढ्या एका कारणासाठी डिस्कची वाट पाहणारे लोक आहेत आणि आम्हाला ते मुळीच वेडे वाटत नाहीत.

खरं पुनर्संचयन स्टिकर लावून होत नाही. मूळ निगेटिव्ह शोधायची, ती नसेल तर तिच्यावरून निघालेली जवळात जवळची प्रत. पट्टीच्या कडेची फाटलेली भोकं हाताने दुरुस्त करायची, एकेक फ्रेम स्कॅन करायची, मग ओरखडे, थरथर, आवाजातली खरखर. आणि कुठे थांबायचं हेही कळायला हवं, कारण फिल्मचा दाणा, म्हणजे चित्रातला तो मुळचा बारीक खरबरीतपणा, पुसून काढला की माणसं मेणाची दिसतात. सत्यजित राय यांच्या अपू त्रयीचं उदाहरण संग्राहकांना तोंडपाठ असतं. १९९३ साली लंडनच्या एका लॅबच्या आगीत तिन्ही चित्रपटांच्या निगेटिव्ह होरपळल्या. कोळशासारखी झालेली ती रिळं अमेरिकेतल्या अकॅडमी फिल्म आर्काइव्हने फेकली नाहीत. वीस वर्षांनी इटलीतल्या बोलोन्याच्या तंत्रज्ञांनी ती पुन्हा ओलावून, सोलून, हजारेक तास हाताने काम करून ‘पथेर पांचाली’ची चाळीस टक्के आणि ‘अपराजितो’ची साठ टक्क्यांहून अधिक मूळ निगेटिव्ह कामात आणली, उरलेला भाग इतर प्रतींतून भरला. २०१५ साली ते चित्रपट थिएटरात आले आणि त्याच वर्षी क्रायटेरियन या अमेरिकी डिस्क-कंपनीने त्यांची ब्लू-रे काढली. आग ते कपाट अशी ती पूर्ण साखळी.

आपल्याकडे पैसा नाही म्हणावं तर तसंही नाही. राष्ट्रीय चित्रपट वारसा अभियानाला २०१४ साली मंजुरी मिळाली, तरतूद ५९७ कोटींची. २०२२ साली २,२०० चित्रपटांच्या पुनर्संचयनाची घोषणा झाली. मुंबईची फिल्म हेरिटेज फाउंडेशन स्वतंत्रपणे काम करते. पाच लाख शेतकऱ्यांनी दोन-दोन रुपये घालून काढलेला ‘मंथन’ त्यांनी दुरुस्त करून २०२४ साली फ्रान्समधल्या कान महोत्सवाला नेला आणि मूळ शेवटासकट ‘शोले’ जून २०२५मध्ये बोलोन्यात दाखवला. महोत्सवात टाळ्या पडतात, वर्तमानपत्रात फोटो येतो, क्वचित थोडे दिवस थिएटर मिळतं. पुढे घरी नेता येईल असं काही हाती पडत नाही. एनएफडीसीने, म्हणजे राष्ट्रीय चित्रपट विकास महामंडळाने, ‘सिनेमाज ऑफ इंडिया’ या नावाने स्वच्छ केलेल्या चित्रपटांच्या डीव्हीडी एकदा काढल्या होत्या, म्हणजे सरकारी यंत्रणेला हे जमत नाही असं कोणी म्हणू नये. लोकांच्या पैशातून धुऊन निघालेला चित्रपट विकत तरी मिळावा, ही मागणी अवाजवी कशी?

स्ट्रीमिंगवर येईल ना, असं उत्तर मिळतं. येईल आणि करार संपला की जाईल. शिवाय आषाढात वीज आणि नेट दोन्ही गेलं की कोकणात स्ट्रीमिंग म्हणजे काळा पडदा. इन्व्हर्टरवर डिस्क मात्र चालते. डिस्कही अमर नाही म्हणा. पण जुलै २०२१च्या पुरात चिपळूण बुडालं, त्या चिखलातून काढलेल्या डिस्क साबणाच्या पाण्याने धुतल्यावर बऱ्याचशा वाजल्या. कव्हरं, पुस्तिका आणि टेप मात्र गेल्या.

तोवर मंडळी परदेशी डिस्कवर भागवतात. ‘शिराझ’ हा १९२८चा मूकपट ब्रिटिश फिल्म इन्स्टिट्यूटकडून, उदय शंकर यांचा ‘कल्पना’ क्रायटेरियनच्या संचातून. इथे आडवं येतं ते विभागांचं कुंपण : ब्लू-रेसाठी भारत सी विभागात, अमेरिका ए, ब्रिटन बी. साध्या प्लेअरमध्ये परदेशी डिस्क घातली की पडद्यावर नकारघंटा. म्हणून कुठल्याही विभागाची डिस्क चालवणारा प्लेअर मुंबईतून शोधून आणायचा, किंवा फोर-के डिस्क घ्यायची, कारण तिला विभागाचं बंधनच नाही. त्यात प्लेअर बनवणाऱ्या कंपन्या एकेक करून हात आखडता घेतायत. ओप्पोने २०१८ साली आणि सॅमसंगने त्याच्या पुढच्या वर्षी नवे प्लेअर थांबवले. त्यामुळे गणपतीला मुंबईहून येणाऱ्याला आजकाल पेढ्यांबरोबर आणखी एक निरोप जातो : चांगला चालणारा जुना प्लेअर दिसला तर सोडू नको, लेन्स साफ करून घे, आणि रिमोट आहे ना ते बघून घे.