केमोनंतर हातापायांना मुंग्या? अ‍ॅक्युपंक्चरच्या सुया घ्यायला येण्याआधी हे वाचा

चालता चालता चप्पल पायातून निघते, मागेच राहते आणि ते चार पावलांनंतर कळतं. ब्लाउजचे हूक लागत नाहीत. लसूण सोलताना पाकळी बोटांत आहे की निसटली, हे बघूनच कळतं. रात्री तळपायांची आग होते. कॅन्सरचे उपचार संपवून आमच्याकडे येणारे बहुतेक जण अशाच एखाद्या तक्रारीपासून सुरुवात करतात.

केमोच्या काही औषधांनी नसांनाही, म्हणजे मज्जातंतूंनाही, इजा होते. पॅक्लिटॅक्सेल, ऑक्झॅलिप्लॅटिन, सिस्प्लॅटिन, व्हिन्क्रिस्टिन, बॉर्टेझोमिब ही त्यांतली नेहमीची नावं. तुमच्या फाइलमध्ये सापडतील. सर्वांत लांब नसा पायाच्या बोटांपर्यंत जातात, म्हणून त्रास बहुधा तिथूनच सुरू होतो आणि मोजा चढवावा तसा वर सरकतो. ऑक्झॅलिप्लॅटिन आणि सिस्प्लॅटिन घेतलेल्यांचा त्रास शेवटच्या सलाइननंतरही काही महिने वाढू शकतो. केमो चालू असतानाच मुंग्या सुरू झाल्या, तर लगेच सांगा. डोस कमी होईल या भीतीने गप्प बसणारे आम्ही पाहिलेत. डोसचं काय करायचं ते डॉक्टर ठरवतील, पण त्यांना कळलं तर ना!

आता सुयांबद्दल. बिघडलेली नस सुईने पुन्हा पहिल्यासारखी होते, असं आम्ही म्हणणार नाही. बोस्टनच्या डाना-फार्बर संस्थेत स्तनाचा कॅन्सर झालेल्या 40 स्त्रियांवर अभ्यास झाला. 8 आठवड्यांत सुया लावण्याच्या 18 बैठका झाल्यावर त्यांच्या तक्रारी आणि वेदना कमी झाल्या. तो अभ्यास 2020 मध्ये प्रसिद्ध झाला. त्याच वर्षी अमेरिकेतल्या कॅन्सरतज्ज्ञांच्या संघटनेने मात्र असं सांगितलं की फायदा दिसतोय, पण सरसकट शिफारस करण्याइतका पुरावा अजून नाही. दुखण्यासाठी त्यांनी शिफारस केलेलं औषध एकच, ड्युलोक्सेटिन. ते तुम्हाला दिलं असेल तर आमच्या भरवशावर बंद करू नका. आणि नसांची ताकद वाढवायला म्हणून दुकानातून आणलेल्या गोळ्या आधी डॉक्टरांना दाखवा. बी-6 जीवनसत्त्व जास्त झालं, तर त्यानेच नसा बिघडतात.

पहिल्या दिवशी सुई नंतर. आधी डोळे मिटायला सांगून कापसाचा बोळा आणि ट्यूनिंग फोर्क (थरथरणारा धातूचा चिमटा) पायाला लावून बघतो. मग रोजची तीन कामं लिहून घेतो: हूक लावणं, सुईत दोरा ओवणं, जिना उतरणं, जे तुम्हाला अडतं ते. सुया केसाहून थोड्या जाड, निर्जंतुक, एकदाच वापरायच्या; पाकीट तुमच्यासमोर फोडतो. गुडघ्याखाली, घोट्याच्या वर, पायाच्या आणि हाताच्या बोटांच्या बेचक्यांत त्या लावतो आणि 25 मिनिटं ठेवतो. बेचक्यातली सुई लागते, हे आधीच सांगून ठेवतो. इतर ठिकाणी जड वाटतं किंवा झिणझिण्या येतात. नंतर कुठे थोडं काळंनिळं पडू शकतं.

आठवड्यातून दोन बैठका, एका बैठकीचे 600 रुपये. पॅकेज आम्ही विकत नाही. सहा बैठकांनंतर ती तीन कामं पुन्हा करून बघतो. काहीच फरक नसेल तर थांबायचं, पुढचे पैसे कशाला घालवायचे?

प्लेटलेट 50,000 च्या खाली असतील किंवा पांढऱ्या पेशी फार उतरल्या असतील, तर सुया लावत नाही. काखेतल्या गाठी काढल्या असतील त्या बाजूच्या हातालाही नाही. बधिर पायाला शेक किंवा शेकायचा दिवा लावत नाही. चटका बसला तरी तुम्हाला कळणार नाही. घरीही गरम पाण्याची पिशवी पायाशी घेऊन झोपू नका, आंघोळीचं पाणी कोपराने बघा, आणि रात्री तळपाय आरशात किंवा घरच्यांकडून तपासून घ्या. एका काकांच्या टाचेत काचेचा तुकडा दोन दिवस होता. मोज्यावर रक्त दिसलं तेव्हा कळलं.

येताना केमोच्या औषधांची यादी, गेल्या आठवड्यातला सीबीसी (रक्तपेशींच्या तपासणीचा रिपोर्ट) आणि तुमच्या कॅन्सरच्या डॉक्टरांची चिठ्ठी आणा. चिठ्ठीशिवाय सुरू करत नाही. थोडं खाऊन या. मागे पट्टा असलेली सँडल घाला. आमच्याकडे लिफ्ट नाही, जिन्याच्या चौदा पायऱ्या आहेत आणि कठडा फक्त डाव्या हाताला आहे. खालून हाक मारलीत तरी कुणीतरी हात द्यायला येईल.